गुडघेबाई आणि पुढे धावणारं इंजिन

गल्लीतल्या निम्म्या लोकांचे गुडघे त्यांच्या हाताखालून गेले होते, म्हणून सगळे त्यांना गुडघेबाई म्हणत. पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत. बाईंना त्याचं काही वाटत नसे. उलट भाजीच्या दुकानात कुणी लंगडताना दिसलं की त्या पिशवी खाली ठेवून तिथेच त्याला दोन पावलं चालायला लावत आणि "उद्या सकाळी या," असं सांगून पुन्हा टोमॅटो निवडायला लागत.

घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता. भिंतीला लावलेली लाकडी शिडी, जागच्या जागी फिरणारी सायकल, दोन उंच पलंग आणि वजनांची एक पेटी. मागच्या बाजूला गॅरेज होतं आणि तिथे चीफचं राज्य होतं.

चीफ म्हणजे बाईंचे यजमान. तीस वर्षं जहाजांवर काढून ते चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले, पण हुद्दा जहाजावर ठेवून यायचं विसरले, असं त्यांची धाकटी बहीण म्हणायची. निवृत्तीनंतर माणसं बागेत गुलाब लावतात, फिरायला जातात. चीफनी गाडी आणली. चालवत नाही, टेम्पोतून आणली. साठ वर्षांपूर्वी इंग्लंडात तयार झालेली, दोन सीटांची, कापडी टपाची स्पोर्ट्स कार. तिचा सांगाडा टेम्पोत आणि उरलेली गाडी अकरा खोक्यांत होती.

दोन वर्षं खपून त्यांनी ती उभी केली. गडद हिरवा रंग, तारांची चाकं, पुढे दोन गोल दिवे आणि एवढी बुटकी दारं की बसल्याबसल्या हात खाली सोडला तर रस्ता लागावा. ज्या दिवशी ती पहिल्यांदा गल्लीतून निघाली त्या दिवशी लोक बाल्कनीत उभे राहिले. आणि लोकांच्या डोळ्यांदेखत, निघतानाच, गाडीला थंडी भरल्यासारखी हुडहुडी भरली. पहिल्या गिअरमध्ये चीफ क्लच सोडायला लागले की सगळी गाडी थडथडथड करत दोन-चार हात जायची आणि मग काही झालंच नाही अशा थाटात सुरळीत धावायला लागायची.

"क्लच प्लेट," चीफ म्हणाले.

त्यांनी इंजिन बाहेर काढलं, प्लेट बदलली, इंजिन आत घातलं. थडथड तशीच. पुन्हा काढलं, दुसऱ्या कारखान्याची प्लेट घातली. तशीच. तिसऱ्यांदा प्लेट, तिच्यावरची झाकणी, मागचं बेअरिंग, सगळं नवं. थडथड होती तिथेच होती, उलट आता जरा खणखणीत झाली होती. तीन मजली घराएवढी इंजिनं ज्या माणसाने भर समुद्रात ताळ्यावर आणली, त्याला हे शिवणयंत्राएवढं इंजिन दाद देत नव्हतं. चीफ जेवताना गप्प राहायला लागले.

त्यात त्यांच्या बहिणीने गाडीत बसायचा हट्ट धरला. बाई तिला वन्सं म्हणत. वन्सं कोर्टात लघुलेखक होत्या. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं मुकाट्याने उतरवून घेतल्यावर आता त्या स्वतःच्या बोलण्याची थकबाकी वसूल करत होत्या. डोक्याला पिवळा स्कार्फ, डोळ्यांवर काळा चष्मा अशा थाटात त्या दादाशेजारी बसल्या. चढावरच्या सिग्नलला गाडी थांबली. दिवा हिरवा झाला. चीफनी क्लच सोडला.

परत आल्यावर वन्सं दारातच म्हणाल्या, "वहिनी, आधी पाणी दे. दादा, तुझी गाडी दिसायला छान आहे, पण पुढच्या वेळी मी कवळी पर्समध्ये ठेवून बसेन. सगळा चौक ऐकत होता माझे दात."

"जुन्या गाड्या अशाच असतात," चीफ म्हणाले.

"मी पण जुनीच आहे. मी थडथडते का?"

बाई हसू दाबत आत गेल्या, पण ती गोष्ट त्यांच्या डोक्यातून गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पेशंटच्या मध्ये मोकळा वेळ होता, तेव्हा त्या गॅरेजच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. चीफनी बॉनेट उघडून ठेवलं होतं आणि आत बसून ते क्लच दाबत होते, सोडत होते. बाईंची नजर तीस वर्षं एकाच कामाला सरावलेली होती. माणूस चालताना कुठला भाग हलायला हवा आणि हलत नाही, किंवा हलायला नको आणि हलतो, एवढंच त्या बघत. आणि त्यांना दिसलं ते त्यांनी सांगून टाकलं.

"अहो, इंजिन हलतंय."

"इंजिन हलणारच. रबराच्या माउंटवर बसवलंय ते. हलू द्यायलाच रबर असतं."

"तसं थरथरणं नाही. पुढे जातंय आणि मागे येतंय. अख्खं."

"अगं, माउंट नवी आहेत. मी स्वतः बसवलीयत." चीफनी चष्मा कपाळावर चढवला. "तू गुडघे बघ."

आता हे वाक्य काही फार वाईट नव्हतं, पण ते ज्या सुरात आलं तो सूर खलाशांसाठी होता. बाई परत फिरल्या. त्या दिवशी त्यांच्या हाताखाली आलेल्या एका बँक मॅनेजरच्या खांद्याला जरा जास्तच व्यायाम झाला.

पुढच्या रविवारी सकाळी दोघं गावाबाहेरच्या तळ्याकडे निघाले. हवा छान होती, टप खाली होता आणि चीफ तर चक्क शीळ घालत होते. समोर एक टेम्पो चालला होता, घर बदलणाऱ्या कुणाचं सामान भरलेला. कपाट, टेबल, उलट्या खुर्च्या आणि सगळ्यांच्या वर एक जाडजूड डबल बेडची गादी. वळणावर दोरी सुटली आणि गादी हवेत गिरकी घेऊन बरोबर यांच्या समोर रस्त्यावर येऊन पडली.

चीफनी कचकन ब्रेक मारला. गाडी थांबली, गादीपासून वीतभर अंतरावर. पण त्याच क्षणी पुढून कर्रर्र असा आवाज झाला, पत्र्यावर विळा घासावा तसा, आणि बॉनेटच्या फटींतून वाफेचा मोठा लोट निघाला. खाली हिरवट पाण्याचं थारोळं व्हायला लागलं.

टेम्पोवाला धावत आला. "काका, लागलं का? माझी चूक झाली."

"तुझी गादी शाबूत आहे," चीफ म्हणाले. "माझा रेडिएटर गेला."

दोघांनी मिळून गाडी कडेला ढकलली. टेम्पोवाल्याने गादीही कडेला ओढली आणि गाडी न्यायची व्यवस्था होईपर्यंत बसायला म्हणून ती तशीच तिथे पसरून ठेवली. मुख्य रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या समोर, चीफ इंजिनिअर एका डबल बेडच्या गादीवर हाताची घडी घालून बसले. एक सायकलवाला वळून वळून बघत कुंपणाला धडकता धडकता वाचला.

वाफ ओसरल्यावर बाईंनी बॉनेट उघडलं. पंख्याची पाती रेडिएटरच्या जाळीत घुसून मागे आली होती. जाळीवर अर्धवर्तुळाचा ताजा ओरखडा होता आणि दोन नळ्या फाटल्या होत्या. बाई खाली वाकल्या. त्या ताज्या ओरखड्याशेजारी अजून ओरखडे होते. पुसट, जुने, चार-पाच तरी. म्हणजे पंखा याआधीही इथपर्यंत येऊन जाळीला चाटून गेला होता.

"अहो," बाईंनी गादीकडे वळून विचारलं, "हा पंखा कशाला बसवलाय?"

"इंजिनाला."

"आणि ही जाळी?"

"बॉडीला."

"जाळी तर जागेवर आहे. मग पंखा तिच्यापर्यंत चालत आला का?"

चीफ गादीवरून उठले. इंजिनापाशी आले, पंखा बघितला, जाळी बघितली, मधल्या जागेत दोन बोटं घालून बघितली. मग म्हणाले, "पण माउंट खरंच नवी आहेत गं."

बाईंना इथे चिमटा काढता आला असता. पण चीफचा आवाज ऐकून त्यांनी विचार बदलला. "असतील की. माझ्याकडे येतात त्यांची हाडंही धडधाकट असतात. एक्स-रे स्वच्छ. तरी पाऊल टाकलं की गुडघा पुढे सरकतो. कारण हाडाला आवरून धरणारा लिगामेंट तुटलेला असतो. हाडाचा दोष नसतो त्यात."

रेडिएटर झाळून यायला आठवडा लागला. तोवर बाईंनी दवाखान्यातल्या रिकाम्या फाइलचं एक पुठ्ठ्याचं कव्हर, पेन्सिल आणि चिकटपट्टीचं रीळ तयार ठेवलं होतं. गाडी उभी राहिल्यावर त्यांनी पेन्सिल इंजिनाला बांधली आणि पुठ्ठा बॉडीला, असा की पेन्सिलीचं टोक पुठ्ठ्याला टेकेल. इंजिन हललं तर पेन्सिल रेघ ओढणार, नाही हललं तर ठिपका राहणार. चीफ हे सगळं शेजारी उभे राहून बघत होते. मध्येच त्यांनी चिकटपट्टी कापून दिली.

चीफनी गल्लीत एक चक्कर मारली. निघताना थडथड, मग मोकळा रस्ता, मग जोरात ब्रेक. परत येऊन बॉनेट उघडलं.

पुठ्ठ्यावर करंगळीच्या दोन पेरांएवढी लांब रेघ होती, पुढे-मागे. आणि तिच्या एका टोकाला, चिडलेल्या बाळाने पेन्सिल घासावी तसा काळाकुट्ट गिचमिड डाग.

चीफ त्या डागाकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं ते बाईंनी फार वर्षांनी बघितलं. लग्न नवं असताना, जहाजावरून सुट्टीला आले की ते बिघडलेली घड्याळं दुरुस्त करत, तेव्हा दिसायचं ते.

"अगं, ही थडथड!" ते ओरडलेच. "क्लचचा दांडा. त्याचं एक टोक चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला आहे आणि दुसरं गिअरबॉक्सला. मी पाय सोडला की क्लच पकडतो, इंजिन पुढे धावतं. इंजिन पुढे गेलं की दांडा ताणला जातो आणि क्लच पुन्हा सुटतो. सुटला की इंजिन मागे येतं. मागे आलं की क्लच परत पकडतो. सेकंदाला दहादा! प्लेटचा काही संबंधच नाही. मी तीन निर्दोष प्लेटा फेकून दिल्या!"

"मग आता याचा लिगामेंट कुठे आहे ते शोधू," बाई म्हणाल्या.

गाडीखाली जायचं म्हटल्यावर चीफच्या कमरेने नकार दिला. बाई एकोणसाठ वर्षांच्या होत्या, पण दिवसातून वीस वेळा त्या पेशंटना पाठीवर झोपून करायचे व्यायाम स्वतः करून दाखवत. ट्रॅकसूट घातलेलाच होता. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली आणि चटई टाकून त्या सरपटत आत शिरल्या.

खालून आवाज आला, "अहो, गिअरबॉक्सच्या खाली एक पत्र्याचा कान आहे. मध्ये भोक. आणि समोर चासीच्या आडव्या पट्टीला तसाच दुसरा कान. बरोबर एकासमोर एक."

"हो, आहेत ते. इंजिन टांगायला ठेवलेत कारखान्यात."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," चीफ म्हणाले. "मला वाटलं. मी त्यांना रंगही दिला होता. दोनदा."

त्या दोन कानांच्या मध्ये एके काळी एक दांडा असणार, हे आता आंधळ्यालाही दिसलं असतं. कुणातरी आधीच्या मालकाने काढून ठेवला असेल आणि पुन्हा बसवायचा राहिला असेल. अकरा खोक्यांत तो नव्हता. चीफ त्याच दिवशी लेथवाल्याकडे गेले. लेथवाल्याच्या कोपराचा इलाज बाईंनीच केला होता, त्यामुळे त्याने हातातलं काम बाजूला ठेवून दांडा करून दिला. करंगळीएवढा जाड, दोन्ही टोकांना आटे पाडलेला. चीफनी तो लोखंडाला लोखंड भिडवून, नट आवळून, असा घट्ट बसवला की जणू नांगरच टाकलाय.

थडथड गेली. एका फटक्यात गेली. गाडी लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. चीफ विजयाने बाईंकडे वळले आणि त्यांना दिसलं की बाईंचा चष्मा नाकावरून आपोआप खाली सरकत चाललाय. आरसा थरथरत असल्याने त्यात मागचा रस्ता धूसर झाला होता. सीट, दार, स्टिअरिंग, पायाखालचा पत्रा, सगळं एका सुरात गुंमम् करत होतं, मधमाश्यांच्या पोळ्यात बसल्यासारखं. चौकापर्यंत जाऊन येईस्तोवर दोघांच्या दाढा शिवशिवायला लागल्या.

"दांडा जाड करतो," चीफ म्हणाले.

"नको. तुम्ही लिगामेंट नाही घातलात, प्लास्टर घातलंत." बाईंनी चष्मा वर केला. "गुडघ्यातला लिगामेंट हाडाला सारखं आवळून धरत नाही हो. माणूस निवांत बसलेला असतो तेव्हा तो नुसता असतो. हाड फार पुढे जायला लागलं की मग म्हणतो, बास. थोडं हलू दे, पण धावू नको देऊ."

"म्हणजे मध्ये रबर हवं," चीफ हळूच म्हणाले. "जाड. कडक."

बाई दवाखान्यात गेल्या आणि पलंगाखालून एक जुना, वाकडा झालेला वॉकर काढून घेऊन आल्या. म्हाताऱ्या पेशंटांनी धरून चालायचा तो चार पायांचा. चारही पायांना काळ्या रबराचे जाड बूट होते. "माणसांचं वजन वर्षानुवर्षं झेललंय यांनी. चालतील?"

चीफनी एक बूट अंगठ्याने दाबून बघितला आणि मान डोलावली. बुटांचे तळवे कापून मध्ये भोकं पाडली. प्रत्येक कानाच्या दोन्ही बाजूंना एकेक चकती, तिच्यावर वाटीसारखा वायसर, मग नट. इंजिन पुढे जायला लागलं की एका बाजूची रबरं दबणार, मागे आलं की दुसऱ्या बाजूची. बाई पुन्हा चटईवर आडव्या झाल्या. चीफनी खाली वाकून पाना त्यांच्या हातात दिला. स्वतःच्या हत्यारांना दुसऱ्याचा हात लागलेला न खपणारा माणूस तो.

बाईंनी नट बोटांनी फिरवत टेकवले आणि विचारलं, "किती आवळू?"

"तूच सांग," चीफ म्हणाले.

खाली आडव्या असलेल्या बाईंना त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसते बूट दिसत होते. त्यांनी नटवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आधी वरून इंजिनाला एक धक्का द्या आणि ते आपोआप जिथे बसेल तिथे बसू द्या. ओढून-ताणून नको. ते निवांत बसलं की मी आवळते."

चीफनी बॉनेटमधून हात घालून धक्का दिला. इंजिन डुललं आणि स्थिर झालं. बाईंनी एका हाताने दांडा धरला, दुसऱ्याने नट फिरवला. पाव फेरा, दांडा हलवून बघितला. अजून पाव फेरा. ढिला गुडघा तपासताना बोटांना जी जागा कळते, म्हणजे सैल संपतं आणि आधार सुरू होतो ती, तिथे त्या थांबल्या. मग दुसरा नट पहिल्यावर चढवून कुलूप घातलं.

पुन्हा पेन्सिल, पुन्हा नवा पुठ्ठा. चक्कर मारून आल्यावर पुठ्ठ्यावर तांदळाच्या दाण्याएवढी खूण होती. गुंमम् नाही, थडथड नाही, कर्रर्र नाही. चीफनी मोकळ्या मैदानावर नेऊन सात वेळा ब्रेक मारला. सातव्यांदा बाईच म्हणाल्या, "पुरे आता, माझी मान दुखायला लागली. माझ्याकडे मलाच नंबर लावावा लागेल."

वन्संना बोलावणं गेलं. त्या आल्या, पिवळा स्कार्फ बांधून, पण पर्स उघडी ठेवून. चढावरच्या त्याच सिग्नलला गाडी थांबली. हिरवा झाला. चीफनी क्लच सोडला आणि गाडी काही न बोलता चढ चढून गेली.

"निघालो आपण?" वन्संनी विचारलं.

"मघाच," चीफ म्हणाले.

वन्संनी पर्स बंद केली. उतरल्यावर त्यांनी बाईंना मिठीच मारली. "वहिनी, मला वाटलं दादा परत प्लेट बदलून आला. पण तो रस्ताभर एकच सांगत होता. 'तिने पकडलं,' म्हणे. 'मी दोन वर्षं बघत होतो आणि तिने उभ्याउभ्या पकडलं.' तोंडावर म्हणालाय का तुला कधी?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग मी म्हणाले असं सांगू नकोस."

बाईंनी नाही सांगितलं. गरजही पडली नाही. जुन्या गाड्या ठेवणाऱ्यांची एक मंडळी होती, महिन्यातून एकदा जमणारी, तिथे चीफनी पुठ्ठा आणि पेन्सिल यांच्यासकट सगळी हकिगत भर सभेत सांगितली. स्वतःच्या तीन प्लेटा आणि दोनदा रंगवलेले कान यांच्यासकट. लोक खूप हसले, आणि हसून झाल्यावर त्यातले बरेच जण गप्प झाले, कारण त्यांच्याही गाड्या निघताना थडथडत होत्या.

पुढच्या सोमवारी सकाळी बाई दवाखाना उघडायला आल्या तर बाकावर नेहमीचे तीन पेशंट होते आणि त्यांच्याशेजारी एक अनोळखी गृहस्थ मांडीवर हेल्मेटसारखी टोपी धरून अवघडून बसले होते.

"काय दुखतंय?" बाईंनी विचारलं.

"मला नाही." गृहस्थांनी खिडकीबाहेर बोट केलं. फाटकाशी एक लाल, उघड्या टपाची गाडी उभी होती, आणि तिच्यामागे अजून एक, निळी. चीफ दोघींच्या मध्ये कमरेवर हात ठेवून उभे होते. "साहेब म्हणाले, तपासायचं काम मॅडमचं. ते फक्त दांडा बसवतात. नंबर लावून बसा म्हणाले."

बाकावरच्या आजी सरसावल्या. "आधी माझा नंबर आहे. गाड्यांना काय घाई आहे, त्या बसूनच असतात."

"बरोबर आहे आजी," बाई म्हणाल्या, आणि आजींना हात देऊन आत नेता नेता त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अहो! लालवाली चढावर उभी करू नका, इंजिन एकीकडे कलेल. सपाट जागेवर घ्या. आणि इंजिनाला निवांत बसू द्या, मी आलेच."

"घेतो," चीफ म्हणाले, आणि लाल गाडीला खांदा लावला.